सतरावं वळण

स्टेल्व्हिओ घाटाच्या पायथ्याशी, प्राड गावात
नोटबुर्गा वॉलनोफरचं गॅरेज.
दोन लिफ्ट, एक बाक, एक म्हातारा कुत्रा.
जळक्या पॅडचा वास आला की कुत्रा शिंकतो.
जून ते सप्टेंबर शिंकतच असतो.

आज दुपारी पिवळी गाडी आली, पोट जमिनीला टेकलेली.
आतून शूर्ड निघाला,
फोल्डिंगची शिडी उलगडावी तसा,
आणि त्याची नऊ वर्षांची फेन्ना.
त्यांच्या प्रांतात चढ म्हणजे
कालव्यावरचा पूल.

म्हणाला, ब्रेक दाबला की स्टिअरिंगला हिवताप भरतो.
डिस्क वाकल्यात. दोन्ही. नव्या टाका.

नोटबुर्गा बोलली नाही.
चाक उतरवलं, डायल लावला,
एका बोटानं डिस्क फिरवली
झोपलेल्या माणसाची मान सरळ करावी तशी, हळू.
काटा हलला,
केसाच्या जाडीहून थोडा कमीच.

"बीड इतक्या सहज वाकत नाही."

(दर उन्हाळ्यात हेच.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
आणि भंगारवाला खूश.)

मग तिनं बॅटरीचा झोत धरला.
डिस्कवर निळसर काळा डाग,
बरोबर पॅडच्या मापाचा,
टेबलावर ओल्या पेल्याची खूण उरते तसा.
"इथे तू उभा होतास. पाय दाबून.
कुठे?"

शूर्डला आठवेना.
फेन्नाला आठवलं.
सतराव्या वळणावर एक मार्मोट होतं.
गुबगुबीत. रस्त्याच्या मधोमध, मागच्या पायांवर,
पावती फाडायला आल्यासारखं.
बाबाला मीच म्हटलं, हॉर्न नको.
तीन मिनिटं.

"मग काय चिरडायचं होतं?"

"थांबायचंच की.
पण त्याआधी सोळा वळणं
चौथ्या गिअरमध्ये, पेडलवर पाय टेकवून आलास.
उतारावर दुसरा टाक, इंजिनाला ओढू दे.
ब्रेक दाबायचा तर नीट दाब, आणि सोड.
रेंगाळू नकोस त्याच्यावर.
तापलेल्या डिस्कवर दाबून उभा राहिलास,
पॅडचा थर चिकटला, तव्याला धिरडं चिकटतं तसा.
आता प्रत्येक फेरीत
पॅड त्याच मार्मोटला ठेचकाळतो,
शंभरच्या वेगात, सेकंदाला चौदा वेळा."

तेवढंच नव्हतं.
डिस्कमागे, हबवर, तिळाएवढा गंजाचा पापुद्रा.
त्यावर डिस्क तिरकी बसलेली.
नट कुणी आवळले?
घरी, गल्लीतल्या दुकानात,
हवेच्या बंदुकीनं, कॉफी संपायच्या आत.

नोटबुर्गानं तारेच्या ब्रशनं हब चकाकवला.
डाग अजून वरवरचा होता, लोखंडात मुरला असता
तर तिनंच नव्या टाकल्या असत्या.
सॅंडपेपरनं घासला, पॅडचे चेहरेही घासले.
मग पाना. हातानं.
एक नट, मग समोरचा, मग त्याच्या शेजारचा नाही, पलीकडचा.
टक्.
टक्.
ही घाई नसलेल्या माणसाची घड्याळं.

स्पॉंडिनिगचा रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना सफरचंदं.
नव्वदवरून वीसवर. सोड. थांबू नकोस. पुन्हा.
आठ वेळा.
आठव्याला धुरकट वास आला, शूर्डचा चेहरा उतरला.
ती म्हणाली, बरोबर आहे, असाच यायला हवा.
आता दहा मिनिटं ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नकोस.
नुसता चालव. वारा लागू दे.
हेच कुणाला जमत नाही.

एक ट्रॅक्टर आडवा येऊ पाहत होता.
शूर्डनं आधीच गिअर खाली आणला,
पाय हवेत, घोट्यापासून थरथरणारा,
स्टिअरिंग मात्र गप्प.

गॅरेजात फेन्ना
करड्या पुडीनं माखलेला सॅंडपेपर
नीट चौघडी करून खिशात ठेवत होती.
"यात तो मार्मोट आहे," ती कुत्र्याला म्हणाली.

कुत्रा शिंकला.